घोरपडीचा पंचनामा

पंचनाम्याला पंच मिळत नाहीत, हे वाचून होते. का मिळत नाहीत ते गेल्या पावसाळ्यात कळलं.

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. मागच्या कुंपणभिंतीपलीकडे थोडं रान, मग नाला, आणि वर चढत गेलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. फ्लॅट विकताना बिल्डरने याच रानाचे फोटो छापले होते आणि 'ग्रीन व्ह्यू'चे चौरस फुटामागे जादा पैसे घेतले होते. त्या संध्याकाळी भाजी घेऊन परत येत होते, तर गेटात वनखात्याची जीप उभी. एरवी कुरिअरवाल्याशी कुणाची बाचाबाची झाली तरी आमच्याकडे बाल्कन्या भरतात. त्या दिवशी सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले.

"मॅडम, इथेच राहता का? पंच म्हणून सही लागेल," वनपाल म्हणाले.

पिशवी ठेवायला मी वॉचमनच्या खुर्चीकडे वळले. खुर्ची मोकळी होती. वॉचमन जीपमध्ये मागे बसला होता. दुसरा पंच म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आणलं. त्याने कोळशाची इस्त्री तशीच सोडून यावी लागली म्हणून सारखी मान वळवून टपरीकडे बघणं चालवलं होतं.

घोरपड पार्किंगच्या मागे, गच्चीवरचं पावसाचं पाणी जिथे उतरतं त्या पाइपाशी पडली होती. डोकं आणि एक खांदा पाइपाच्या तोंडात, बाकी धड बाहेर. इतक्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती. पाठ मातकट, त्यावर फिकट पिवळे ठिपके, मानेची कातडी सैल, वळ्यावळ्यांची. पुढच्या पायाच्या एका नखात प्लॅस्टिकचा पांढरा कीस अडकला होता. पाइपाच्या कडेला तशाच ओरखड्यांच्या रेघा होत्या. घाव सगळे कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी. म्हणजे ती तोंड फिरवून आत शिरत होती आणि मागून गज बसत होता. वनरक्षकाने टेप लावला. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १ मीटर १२ सेंटिमीटर. वजन पावणेदोन किलो. वनपालांनी मागचे पाय फाकवून शेपटीखाली बॅटरी मारली. हे कशाला, असं मी विचारलं.

"हत्था जोडी," ते म्हणाले. नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून, वाळवून, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी झाडाची मुळी म्हणून विकतात. गल्ल्यात ठेवली की लक्ष्मी येते म्हणे. पूजेच्या सामानाच्या दुकानांत मिळायची, मग ऑनलाइनही विकली जायला लागली. अवयव कापलेला असेल तर प्रकरण व्यापाराचं होतं, तपास वेगळ्या दिशेने जातो. आमच्या घोरपडीचं सगळं शाबूत होतं. ती कुणाला नकोच होती.

पंचनामा लिहिताना जागेची चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस कुंपणभिंत, उत्तरेस पंपरूम, पश्चिमेस बी विंग, दक्षिणेस सेक्रेटरींची उभी केलेली मोटार. मी वाचून सही केली. गज, पाइपाजवळची रक्त लागलेली फरशी, मृत प्राणी, सगळं पाकीटबंद, गोणीबंद, लाखेचं सील, सीलखाली आमच्या सह्यांच्या चिठ्ठ्या. वनपाल 'पीओआर' म्हणत होते ती पावती, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, तिथेच फाडली. आरोपी म्हणून नाव एकच, वॉचमनचं.

दुपारी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. मुलं खाली खेळत होती. त्यांतल्या एकाने "मगरीचं पिल्लू!" म्हणून आरोळी ठोकली. पवई तलावात मगरी आहेत, तेव्हा मुलाचा फार दोष नाही. आया धावल्या. वॉचमन आला. त्याने हातातली काठी जमिनीवर आपटून घोरपडीला भिंतीकडे हाकललं. भिंतीवर चढता येईना, काचा लावलेल्या, म्हणून ती पाइपाकडे वळली. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग वरून आवाज आला. पंपरूममधला लोखंडी गज त्यानंतर आला.

हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने मोबाइलवर घेतलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. खाली टाळ्यांचे इमोजी. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच कुणाच्या तरी नातलगाकडे तो व्हिडिओ पोचला आणि तिथून १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन गेला. फोन कुणी केला याचा शोध आमच्याकडे अजून चालू आहे. घोरपड कुणी मारायला लावली याचा शोध घ्यायची कुणाला गरज वाटली नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी वॉचमनला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. जामीन मिळाला, पण जामीनदार कोण राहणार? तो मोखाड्याकडचा, इथे ओळखीचं कुणी नाही. सिक्युरिटी एजन्सीने रात्रीच हात वर केले होते आणि सकाळी दुसरा माणूस गेटावर पाठवलाही होता. मी राहते म्हटलं, तर त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही पंच आहात. तुम्ही यात पडलात तर उद्या तुमच्या साक्षीला काडीची किंमत राहणार नाही." शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आजी तयार झाल्या. रेशनकार्ड, फ्लॅटचे कागद, पेन्शनचं पासबुक घेऊन म्हातारी कोर्टात जाऊन बसली. कागदपत्रं तपासून होईपर्यंत रोख जामीन भरायचा होता, ते पैसे मी दिले, तेही त्यांच्याच हातून.

पुढच्या रविवारी क्लब हाउसमध्ये सभा झाली. विषय पत्रिकेवर 'सुरक्षाव्यवस्था' असा होता. चेअरमन म्हणाले, आपली जागा आहे, जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा कन्व्हेयन्स झालेला आहे, प्रॉपर्टी टॅक्स आपण भरतो. आपल्या हद्दीत घुसलेल्या जनावराचं काय करायचं हे सरकारने का सांगावं? मग पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, आज घोरपड आली, उद्या बिबट्या येईल. बिबट्या आमच्या मागच्या रानात कायमचाच आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या त्या उद्यानात पन्नासेक बिबटे आहेत आणि उद्यानाच्या भिंतीला टेकून लाखो माणसं राहतात. इतकी वर्षं हे निभतंय ते बिबट्यांच्या समजूतदारपणामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना मुद्दाम बोलावलं होतं. माणूस तरुण, शांत. त्यांनी कायदा सांगितला तो मला तरी नवीन होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीला बंदी घालताना तो जंगल आणि खासगी जागा असा फरक करत नाही. जमीन तुमची असेल, घोरपडीचं नाव तुमच्या प्रॉपर्टी कार्डावर चढत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना प्राणी मेला, तर गुन्हा नाही. हे कलम ११ मध्ये स्पष्ट आहे. पण मालमत्तेचं काय? तर मालमत्तेचं किंवा उभ्या पिकाचं नुकसान होतंय म्हणून मारायची परवानगी मागता येते ती अनुसूची २ मधल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या यादीतल्या, प्राण्यांसाठी, आणि तीही आधी, लेखी. घोरपड अनुसूची १ मध्ये आहे, वाघ-बिबट्याच्या पंगतीत. तिथे परवानगीची कारणं दोनच: माणसाच्या जिवाला धोका, नाहीतर प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी. तुमच्या लॉनला धोका हे कारण त्यात नाही.

"शिक्षा किती?" कुणीतरी विचारलं.

"किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. शिवाय पंचवीस हजारांपासून पुढे दंड. किमान शिक्षा ठरलेली असल्याने दंड भरून तडजोड करता येत नाही."

सभेत तोवर सगळे एकदम बोलत होते. तीन वर्षं हा शब्द ऐकल्यावर पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. माझ्या सगळ्या अनुभवातला कळीचा क्षण हाच म्हणेन. तिथपर्यंत निदान चार-पाच जण खासगीत म्हणत होते की वॉचमनवर अन्याय झाला, खरं सांगायला पाहिजे. त्या आकड्यानंतर एकेक गळाला. शिक्षा लहान असती, पाच-दहा हजार दंड आणि सोसायटीच्या नावाने एक नोटीस, तर सेक्रेटरींनी स्वतःच "हो बाबा, मीच ओरडलो" म्हणून विषय संपवला असता, असं मला वाटतं. ते वाईट गृहस्थ नाहीत. गणपतीत पाच दिवस खपतात, कुणाला हॉस्पिटलात न्यायचं तर आधी गाडी काढतात. पण तीन वर्षं डोक्यावर टांगली की चांगला माणूसही कानावर हात ठेवतो.

आणि कायद्यात त्यांच्यासाठी जागा आहे. कलम ५२. गुन्ह्याला जो चिथावणी देतो त्याने तो गुन्हा केलाच असं धरायचं. म्हणजे गज मारणारा आणि 'मार' म्हणणारा एकाच पायरीवर. फक्त 'मार' म्हटलं हे कुणीतरी सांगावं लागतं.

सहायक वनसंरक्षकांकडून जबाबाला बोलावणं आलं. पोलिसापुढे दिलेला जबाब आणि हा यात फरक आहे, हे वकीलबाईंनी आधी समजावलं होतं. या दर्जाच्या वनअधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात पुरावा म्हणून चालते. खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर प्राण्यांचा तक्ता, टेबलाच्या टोकाला वॉचमन. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्या आधी बी विंगमधली तीन माणसं होऊन गेली होती. व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. पाऊस थांबल्यानंतरचं पाणी, मुलांचा गलका, पाइपाशी हलणारी शेपटी, आणि वरून अगदी स्वच्छ: "बघत काय बसलास? मारून टाक ती! गज घे, गज!"

"हा आवाज कुणाचा?"

आधीच्या तिघांनी "नीट ओळखू येत नाही" असं लिहून दिलं होतं. हाच आवाज दर महिन्याला क्लब हाउसमध्ये मेंटेनन्सची थकबाकी वाचून दाखवतो. मी नाव सांगितलं, मजला सांगितला, आणि किती वर्षं ओळखते तेही. लेखनिकाने टाइप केलं, वाचून दाखवलं, सही घेतली.

मग साहेबांनी वॉचमनला विचारलं, काही म्हणायचंय का. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आमच्याकडं पोरंसुद्धा हिला शेपटीला धरून आणतात. ती माणसाला काय करत नाही, मला ठाऊक होतं. मी हाकलतच होतो. पण साहेब वरून वरडले. नाही ऐकलं तर संध्याकाळी एजन्सीला फोन गेला असता."

हेही टाइप झालं. त्यात त्याने स्वतःचा गुन्हा कबूल केला होता हे त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

व्हिडिओचं एक वेगळंच लचांड झालं. ग्रुपवर फॉरवर्ड झालेली प्रत पुरेशी नव्हती, मूळ फोन जमा करायला हवा होता, आणि ज्याने चित्रण केलं त्याने भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यायचं होतं. मुलाच्या आईने फोन द्यायला नकार दिला. त्यात अभ्यासाच्या नोट्स आहेत म्हणे. वनपाल दोनदा जिने चढून आले, मग नोटीस आली, मग फोन मिळाला. ती बाई लिफ्टमध्ये अजून माझ्याशी बोलत नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणंही चुकलं. वाण म्हणून स्टीलचा डबा होता असं ऐकलं, त्यामुळे फार हळहळ वाटली नाही.

शवविच्छेदनाचा अहवाल मात्र मी मुद्दाम वाचला. मणक्याला इजा, अंतर्गत रक्तस्राव, ते अपेक्षितच होतं. पोटात काय सापडलं, तर भुंग्यांची कवचं, खेकड्याचा तुकडा आणि उंदराचे केस. सोसायटी उंदरांसाठी पेस्ट कंट्रोलला वर्षाचं कंत्राट देते. ते बिल माझ्याकडे आहे. अहवालानंतर मृतदेह पंचांसमक्ष जाळायचा होता, म्हणून मला आणि इस्त्रीवाल्याला परत बोलावलं. त्याचा धंद्याचा दिवस दुसऱ्यांदा बुडला. "वहिनी, पुढच्या वेळी माणूस मेला तरी मी येणार नाही," असं त्याने येताना रिक्षात बजावलं.

मधल्या काळात मी माहेरी राजापूरला गेले होते. हे सगळं ऐकून भाऊ हसत सुटला. त्याच्या बागेत वानरं नारळ पाडतात, रानडुकरं एका रात्रीत सुरणाची आणि भाताची वाट लावतात. "तुमच्याकडे घोरपडीला वकील मिळतो. इथे माझ्या भाताला कोण आहे?" याला उत्तर नव्हतं असं नाही. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, पिकासाठी परवानगी मिळू शकते, नुकसानभरपाईही आहे. तो म्हणाला, "परवानगी येते गं. भात कापून झाल्यावर येते." तो बेकायदा काही करत नाही, पण त्याच्या वाडीत कुंपणात वीज सोडणारे आहेत, आणि त्या तारेला एकदा शेजाऱ्याचीच गाय चिकटली. ज्याचं वर्षाचं पोट त्या जमिनीवर आहे त्याने डुक्कर मारलं आणि ज्याच्या बाल्कनीतून घोरपड फक्त दिसली त्याने ती मारवली, या दोघांना एका मापाने मोजू नये एवढं मला त्या ओटीवर बसून पटलं. सगळ्यांना मोकळीक द्या म्हणणाऱ्यांचं मात्र पटत नाही. 'आपल्या हद्दीत' मारायची सूट मिळाली तर मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत डोंगराला लागून एवढ्या हद्दी आहेत की रानाबाहेर पडलेलं एकही जनावर परत जाणार नाही.

म्हणून माझं म्हणणं शिक्षा काढा असं नाही. न्यायाधीशाला खालीवर करायला जागा ठेवा, एवढंच. पाइपात तोंड खुपसलेल्या जनावराला हुकमावरून मारणारा पगारी माणूस, हत्था जोडीसाठी घोरपडी धरणारा शिकारी आणि पाचशे फ्लॅटांच्या जोरावर हुकूम सोडणारा पदाधिकारी, तिघांना तीन वर्षांचा एकच उंबरठा असेल तर त्याला अडखळून पडणारा कोण असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

सेक्रेटरींचं नाव शेवटी तक्रारीत आरोपी क्रमांक २ म्हणून आलं. वनखात्याने कोर्टात तक्रार दाखल केली, मला समन्स निघालं, पहिल्या तारखेला वकील आजारी, दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. मग एकदाची साक्ष झाली. सेक्रेटरींच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "पाल आणि घोरपड यांतला फरक तुम्हाला शास्त्रीयदृष्ट्या सांगता येईल का?" मी म्हटलं, शास्त्रीय नाही सांगता येणार, पण १ मीटर १२ सेंटिमीटरची पाल माझ्या स्वयंपाकघरात अजून आलेली नाही. न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं आणि मला मुद्द्याला धरून बोलायला सांगितलं. मग वकिलांनी बचाव मांडला तो मुलांच्या जिवाचा. व्हिडिओत मुलं कुठे दिसतात, असं विचारल्यावर मी सांगितलं की ती पंपरूमच्या कठड्यावर चढून बसली आहेत आणि घोरपडीची त्यांच्याकडे पाठ आहे. पुढची तारीख पडली.

वॉचमन आता भांडुपला एका गोदामावर रात्रपाळी करतो. तारखेला सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापतात. आमच्याकडच्या शेवटच्या महिन्याचा त्याचा पगार एजन्सीने दिलेला नाही. एजन्सी सोसायटीकडे बोट दाखवते, सोसायटी एजन्सीकडे.

यंदाच्या मेंटेनन्सच्या हिशेबात 'कायदेशीर खर्च' अशी एक ओळ आली आहे. आकडा बऱ्यापैकी मोठा. चौकशी केली तर ती सेक्रेटरींच्या वकिलाची फी निघाली. ते पदावर असताना प्रकार घडला म्हणून खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा असं कमिटीने ठरवलंय. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मी दोन विषय लेखी देऊन पोच घेतली आहे: ही फी, आणि वॉचमनचा थकलेला पगार. पहिल्या विषयावर खुलासा करायला कमिटी वकिलांनाच सभेला बोलावणार आहे म्हणे. त्या दिवसाची त्यांची फी कुठल्या ओळीत दाखवणार, तेही मी त्याच पत्रात विचारलं आहे.